खिशातलं नागपूर

मुलगी पसंत होती. पसंत व्हायचं राहिलं होतं ते नागपूर.

नागपूरची राजधानी नुकतीच गेली होती आणि बदल्यात मुंबईहून काही कारकून आले होते. हा सौदा आमच्या भागात कोणालाच पटला नव्हता. अपवाद फक्त वर्ध्याच्या कचेरीतले हेडक्लार्क कृष्णकांतराव यांचा, कारण त्या कारकुनांत श्रीनिवास होता. श्रीनिवासची एक मावशी वर्ध्यात कृष्णकांतरावांच्या आळीतच राहायची. दर रविवारी तो पॅसेंजरने मावशीकडे जेवायला येई. मावशीच्या हाताला चव नाही हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, तेव्हा मुलगा कशासाठी येतो हे कळायला वेळ लागला नाही. कृष्णकांतरावांची शरयू मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि तिला नेमकं रविवारीच मावशीकडे विरजण मागायला जावं लागे. आठवडाभर त्यांच्या घरचं दही बिघडत नसे.

पोळ्याच्या आठवड्यात श्रीनिवासची आई, माणिकताई, गिरगावाहून वर्ध्याला येऊन उतरल्या. मुलगा नेमका तेव्हा चांद्याकडे दौऱ्यावर गेलेला. माणिकताईंनी शरयूला पाहिलं, तिच्याशी शाळेबद्दल बोलल्या, तिच्या हातचं भरीत मागून घेतलं आणि हात पुसत म्हणाल्या, "मुलीत काही खोट नाही. पण संसार मांडायचा नागपुरात. माझा मुलगा वाढला गिरगावात. खिडकी उघडली की खाली माणसांचा पूर. अशा शांत गावात त्याचा जीव रमायचा कसा?"

कृष्णकांतरावांच्या हातातला अडकित्ता थांबला. "शांत? नागपूर शांत? अहो, तुम्ही आमची बर्डी पाहिलेली दिसत नाही!"

बर्डी म्हणजे सीताबर्डी, नागपूरच्या मधोमध असलेला बाजार. आता ती कृष्णकांतरावांची कशी झाली, हा प्रश्न कोणी विचारू नये. त्यांचा तिथला वावर म्हणजे एकदा चष्म्यासाठी आणि एकदा कोटाच्या कापडासाठी. पण वर्ध्याच्या माणसाचं असंच असतं. नागपुरात गेला की तो वर्ध्याचा असतो, आणि मुंबईकर समोर आला की नागपूरचा होतो.

"मी दाखवतो तुम्हाला," ते म्हणाले. "नागपूर माझ्या खिशात आहे, खिशात!" आणि त्यांनी कोटाचा खिसा थोपटून दाखवला.

"मग गाव लहानच असणार," माणिकताई म्हणाल्या.

आतल्या खोलीत कोणीतरी हसू दाबलं. ती शरयू होती. पण माणिकताईंचं पुढचं वाक्य ऐकून तिचं हसू विरलं. "बघते मी गाव. नाही पटलं तर श्रीनिवासला म्हणेन, बदली मागून घे आणि मुंबईला चल. मग मुलगीही तिकडचीच बघू. मुलीला दोष नाही हो त्यात."

अशा रीतीने एका हेडक्लार्कने आपल्या मुलीचं लग्न एका बाजाराच्या गळ्यात बांधलं.

संध्याकाळी ओट्यावर सल्लागार मंडळ जमलं. शेजारचे हरिभाऊ शाळेत भूगोल शिकवत. ते म्हणाले, "तुलना शास्त्रीय हवी. रस्त्याची रुंदी बघा. बर्डीचा रस्ता गिरगावच्या रस्त्यापेक्षा रुंद आहे, एवढं दाखवलंत की काम झालं."

"आणि रुंद नसला तर?"

"तर लांबी सांगा."

पलीकडच्या घरातले चंद्रभानजी मूळचे नाचणगावचे, कापसाच्या अडतीत काम करणारे. ते बाजेवर पाय वर घेऊन बसले होते. "रुंदीनं का होते, मास्तर? आमच्या बैलबाजाराची जागा बर्डीहून रुंद हाय. मी सांगतो शहर कसं ओयखाव ते. जिथं मानूस हरवते, ते शहर! वर्ध्यात तुमी हरवून दाखवा बरं. पाच मिन्टात कोनीतरी हात धरून घरी आनून सोडन आन् वरून चहा पिऊन जाईन."

"आणि बाजाराचं मी सांगतो का?" हे देवकाबाईंनी, म्हणजे चंद्रभानजींच्या बायकोने, दारातूनच सुरू केलं होतं. "एका दुकानाले लागून दुसरं दुकान पाह्यजे. भाव करता करता 'जातो मंग तिकडे' असं म्हन्ता आलं पाह्यजे. एकच दुकान असलं त बाईनं धमकी कोनाले द्यावं?"

कृष्णकांतरावांनी हे सगळं हसण्यावारी नेलं. त्यांना काळजी होती ती एकाच गोष्टीची, ती म्हणजे परवानगीची.

त्या काळी सरकारी नोकराला मुख्यालय सोडून जायचं तर साहेबाची परवानगी लागे, आणि अर्जात कारण लिहावं लागे. 'खाजगी काम' एवढं लिहून कोणी अर्ज केला तर कृष्णकांतराव त्यावर लाल शाईने 'कारण अस्पष्ट' असा शेरा मारून तो परत पाठवीत. कित्येकांची सासुरवाडी त्यांनी अशी अस्पष्ट ठरवली होती. आता त्यांनी शनिवारच्या रजेचा अर्ज लिहिला, 'खाजगी काम.' हाताखालचे कारकून अण्णाजी यांच्याकडे तो गेला आणि तासाभरात परत आला. लाल शाई. 'कारण अस्पष्ट.'

"अण्णाजी, हे काय?"

"तुमचाच नियम, रावसाहेब," अण्णाजी अत्यंत नम्रपणे म्हणाले. माणसाला सूड घेताना इतकं नम्र कसं राहता येतं, हे कचेरीतच शिकावं.

शेवटी अर्जावर लिहावं लागलं, 'पाहुण्यांस सीताबर्डी दाखविणे.' साहेब नवे होते, पुण्याकडचे. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"सीताबर्डी? त्यात दाखवण्यासारखं काय आहे? आमचा लक्ष्मी रोड पाहिला आहेत का?"

झालं! खिडकीपाशी उभे असलेले एक मूळ अमरावतीकर आत सरकले आणि म्हणाले की बाजार पाहावा तर अमरावतीचा. जबलपूरला नोकरी करून आलेल्या एकाने तिथल्या बाजाराची बाजू घेतली. कोणाचा तरी मेहुणा कलकत्त्याला होता, कलकत्त्याचं नाव निघताच बाकीचे जरा दबले. कुठल्या बाजारात जास्त दिवे, कुठे जास्त घोडागाड्या, कुठे पायातली चप्पल गर्दीत निघून जाते, यावर अशी काही जुंपली की त्या दिवशी कचेरीत आलेल्या लोकांना दोन वेळा 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' असं सांगावं लागलं.

अखेर साहेबांनी निकाल दिला. "शनिवारी कामं आहेत. तान्ह्या पोळ्याची सुट्टी आहेच की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी दाखवा तुमची सीताबर्डी. रजा कशाला वाया घालवता?"

कृष्णकांतराव खूश झाले. रजाही वाचली. सुट्टी आपल्याला आहे तशी दुकानदारालाही असेल, हा विचार अख्ख्या कचेरीत एकाच्याही डोक्यात आला नाही. कचेरीच्या माणसाला सुट्टी फक्त कचेरीलाच असते असं वाटतं.

घरी अन्नपूर्णाबाईंनी मात्र विचारलं, "सणाच्या दिवशी जाता?"

"सण म्हणजे गर्दी! आणि गर्दीच तर दाखवायची आहे."

यावर अन्नपूर्णाबाईंनी शिदोरीत दोन पुरणपोळ्या जास्त घातल्या. नवऱ्याचा आत्मविश्वास वाढला की त्या शिदोरी वाढवत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आळीतली पोरं पोळ्याला दारात ठेवलेले पळसाच्या फांद्यांचे मेढे उचलून 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत!' असं ओरडत गावाबाहेर टाकायला निघाली होती. कृष्णकांतरावांच्या लेखी मारबत म्हणजे एवढंच, चहाच्या आधी उरकायचं काम. नागपुरात तिचं काय होतं हे त्यांना पाहायला मिळालं नव्हतं, कारण त्या दिवशी ते नेहमी घरी लोळत असत.

स्टेशनवर शरयूने वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, नागपूर आहे तेवढंच दाखवा. वाढवून सांगू नका. मग मला आयुष्यभर ते पुरं करत बसावं लागेल."

"तू काळजी करू नकोस," असं ते म्हणाले. एखाद्याने असं म्हटलं की काळजी करावीच. शरयूने गाडीत बसल्यापासून ती सुरू केली.

बर्डीवर टांगा येऊन थांबला. कृष्णकांतराव ऐटीत उतरले, छत्री पुढे केली आणि म्हणाले, "ही बघा!"

माणिकताईंनी पाहिलं. रस्ता होता. रुंदही होता, हरिभाऊंची लाज राखण्यापुरता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या. मधोमध एक गाय बसली होती, आणि उठायचं कारण नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

कृष्णकांतरावांनी छत्री हळूच खाली घेतली.

"आमच्या गिरगावात एकदा अशी शांतता होती," माणिकताई म्हणाल्या. "संचारबंदी लागली होती तेव्हा."

माघार घ्यायची तर हीच वेळ होती. पण कृष्णकांतरावांनी आयुष्यात फक्त दुसऱ्यांचे अर्ज मागे पाठवले होते. त्यांनी बंद फळ्यांचीच सहल सुरू केली. "हे चष्म्याचं दुकान. फळी उघडी असती तर आत आरशांची भिंत दिसली असती. इथे कापड. इथे उभं राहायला जागा नसते, एरवी."

"आज मात्र भरपूर आहे."

"आणि इथे तर लोक एकमेकांच्या पायावर पाय देतात!"

माणिकताईंनी खाली वाकून एका दुकानाचं कुलूप पाहिलं. "कुलुपं मात्र मोठी आहेत हो. हे मी श्रीनिवासला सांगेन."

शरयू गायीकडे बघत उभी होती. तिचा चेहरा पाहून कृष्णकांतरावांची सहल तिथेच थांबली. आतापर्यंत हरत होती ती सीताबर्डी, तोपर्यंत ठीक होतं. ते टांग्यापाशी आले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, "स्टेशन."

टांगेवाला म्हातारा तानबा हसून म्हणाला, "बाबूजी, आज बर्डीत का ठेवलं हाय? सारं नागपूर तिकडे इतवारीत मारबत पाह्यले गेलं."

"मारबत म्हणजे?" माणिकताईंनी विचारलं.

"काही नाही," कृष्णकांतराव घाईने म्हणाले. "गावठी प्रकार. बाया-माणसांनी बघण्यासारखं नाही. आपण स्टेशनवर पोळ्या खाऊ."

"सारं नागपूर तिकडे आहे म्हणतोय ना तो? मग आपण आलो कशाला?" माणिकताई टांग्यात चढून बसल्यासुद्धा. "चल रे बाबा, इतवारीत."

इतवारीच्या अलीकडेच टांगा थांबला, कारण पुढे रस्ताच नव्हता. म्हणजे होता, पण तो माणसांच्या खाली गेला होता. ओटे, गच्च्या, खिडक्या, विजेचे खांब, जिथे बूड टेकेल तिथे माणूस. आणि त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून डुलत येत होती बांबू-कागदाची अगडबंब पिवळी बाई, मारबत. तिच्या मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, ढोल, गुलाल, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी, "घेऊन जा गे मारबत!" खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा, महागाई घेऊन जा. ज्याला जे नको असेल ते त्याने ओरडून तिच्या पदरात टाकायचं. मग गावाबाहेर नेऊन तिला जाळायची.

"अगं बाई!" माणिकताई म्हणाल्या. आल्यापासून त्यांचं हे पहिलंच वाक्य, ज्यात गिरगाव नव्हतं.

कृष्णकांतरावांचा जीव परत आला. "मी म्हटलं नव्हतं? आता माझ्या मागून या. छत्रीवर नजर ठेवा, म्हणजे हरवणार नाही. मला इथली बोळ न् बोळ माहीत आहे."

छत्री उंच धरून ते गर्दीत घुसले. मागे वळून बघण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण बोलायला भरपूर होतं. बाजूंची दुकानं दाखवत, इतवारीचं माहात्म्य सांगत, 'सांभाळून या हं' म्हणत ते बरेच पुढे गेले. एका वळणावर त्यांनी विचारलं, "काय, आहे का तुमच्या गिरगावात असं?"

"आमी त कामठीच्या हो," मागून आवाज आला.

त्यांनी वळून पाहिलं. मागे दोन अनोळखी बायका उभ्या होत्या. त्यांतली थोरली म्हणाली, "तुमी छत्रीनं चांगली वाट करून राह्यले होते, म्हनून आमी मागं मागं आलो. तुमची माह्यती बी चांगली हाय, भाऊ. चाला नं पुढं."

कृष्णकांतरावांनी त्या बायकांच्याही मागे नजर टाकली. एक तरुण मुलगी आणि एक होणारी विहीण, दोघी गर्दीत गेल्या! ते मागे फिरले, तर गर्दी पुढे चाललेली. एका लोंढ्याने टोपी नेली. दुसऱ्याने गुलाल दिला. तिसऱ्यात कोटाचा खिसा कोणाच्या तरी ढोलाच्या कडीत अडकला आणि टर्रकन फाटून लोंबायला लागला. नागपूर ज्यात होतं तोच खिसा. 'शरयू! शरयू!' अशी हाक मारावी तर ती आरोळीत बुडून जाई. शेजारच्या एकाला वाटलं हाही काहीतरी घेऊन जा म्हणतोय, म्हणून त्याने जोरात साथ दिली, "शरयू घेऊन जा गे मारबत!"

"गप्प बसा हो!" कृष्णकांतराव रडकुंडीला येऊन ओरडले.

कसेबसे ते चौकातल्या मंडपापाशी पोचले. तिथे मोतीलाल हलवाई छातीला बिल्ला लावून लाउडस्पीकरपाशी बसले होते. हरवलेली चार-पाच लेकरं सतरंजीवर बसून पेढे खात होती.

"दोन बायका हरवल्या आहेत," कृष्णकांतराव धापा टाकत म्हणाले. "लवकर पुकारा. एक पोक्त, मुंबईच्या. एक तरुण मुलगी, वर्ध्याची."

मोतीलालांनी त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. बोडकं डोकं, गुलाल, छत्री, लोंबता खिसा. "वर्ध्याचे का तुमी? कृष्णकांतबाबू?"

"हो. तुम्हाला कसं ठाऊक?"

"अरे, मिळाले, मिळाले!" मोतीलाल मागे वळून ओरडले. "बैठो बाबूजी. कवाचा पुकारा करून राह्यलो तुमच्या नावाचा. तुमीच हरवले हा."

"मी? मी कसा हरवेन? मी त्यांना नागपूर दाखवायला आणलंय!"

"असं कोनी म्हन्ते का बाबूजी, का मी हरवलो म्हनून? ह्ये लेकरं बी हेच म्हनून राह्यले, का माय हरवली." त्यांनी एक पेढा पुढे केला. "घ्या. घाबरू नका."

आणि कृष्णकांतराव काही म्हणायच्या आत त्यांनी समोरचा कागद उचलून, शेवटचा पुकारा म्हणून, चौकभर ऐकवला. "सुनो भाई! वर्ध्याचे कृष्णकांतबाबू, काला कोट, काली टोपी, हातात छत्री, बोलण्याची सवय. नागपूर आपल्या खिशात हाय म्हनून सांगतात. ते मिळाले हो! त्यांच्या पाहुण्या चौकातल्या बांगडीवालीच्या ओट्यावर बसल्या हायेत, त्यांनी येऊन घेऊन जावं!"

चौक हसला. गच्च्या हसल्या. सतरंजीवरची लेकरंही हसली. शिरस्तेदार व्हायची स्वप्नं पाहणारा माणूस, हरवलेल्या लेकरांच्या पंगतीत, हातात पेढा. पुकाऱ्याचा मजकूर कोणी सांगितला असेल, हे ओळखायला हुशारी लागत नव्हती. गेलं, त्यांना वाटलं, पोरीचं सगळं गेलं. त्यांनी पेढा तसाच हातात धरून ठेवला.

बांगडीवालीच्या ओट्यावरून हात हलवत माणिकताई आल्या. मागे शरयू. माणिकताईंचा पदर खोचलेला, केसांत गुलाल आणि घसा पुरता बसलेला. ओरडून ओरडून.

"अहो, तुमची छत्री दोन बायकांना घेऊन निघाली ते आम्ही ओट्यावरून बघत होतो! हाका मारल्या, पण तुमचं व्याख्यान चालू. गिरगावच्या चौपाटीवर गणपती बुडवायला जाणारी बाई हो मी, मला काय हरवता? पहिलं काम हे, उंच ओटा धरायचा." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मीही ओरडले बरं का. 'चाळीतली नळाची रांग घेऊन जा गे मारबत!' ओट्यावरच्या सगळ्या बाया माझ्यामागून ओरडल्या. त्यांच्याकडेही तीच पीडा."

"आणि शरयू?" कृष्णकांतरावांनी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

शरयूने मान खाली घातली. उत्तर माणिकताईंनीच दिलं. "ती आधी काही म्हणेना. मग मारबत अगदी समोर आली तेव्हा एकदम ओरडली. 'मोठं गाव-लहान गाव करणं घेऊन जा गे मारबत!' इतक्या मोठ्याने, की मी इकडेतिकडेच बघायला लागले." त्यांनी शरयूच्या गालावरचा गुलाल पदराने पुसला. "माझ्याच पदरात टाकलंन् ते पोरीने. घेऊन जावं लागणार आता मला."

कृष्णकांतराव मात्र आपल्याच दुःखात होते. "मी हरवलो नव्हतो," ते म्हणाले. "गर्दीची दिशा बदलली."

"खिसा फाटला वाटतं," माणिकताई म्हणाल्या. "तरीच म्हटलं, एवढं नागपूर बाहेर कुठून आलं! असू द्या. ज्या गावात आमचे व्याही हरवतात, त्या गावाला लहान म्हणायची माझी छाती नाही."

शरयू एकदम लाल झाली, आणि ते गुलालाने नव्हतं. कृष्णकांतराव फक्त 'हरवतात' एवढंच ऐकून आणखी दुखावले.

परतीच्या गाडीत बुटीबोरीपर्यंत ते गर्दीच्या दिशेबद्दल बोलत होते. माणिकताई आणि शरयू पुरणपोळ्या खात होत्या. सिंदीला गाडी थांबली. तान्हा पोळा म्हणून फलाटावर पोरं सजवलेले लाकडी नंदी ओढत होती. कृष्णकांतराव ते बघत बघत गप्प झाले. गाडी हलली. मग ते ताडकन उठून उभे राहिले, डोकं वरच्या फळीवर आपटलं, आणि म्हणाले, "व्याही? तुम्ही व्याही म्हणालात?"

"सिंदी आलं वाटतं," माणिकताई शरयूला म्हणाल्या. "मला वाटलं होतं, यांना कळेपर्यंत वर्धा येईल."

वर्ध्याच्या फलाटावर चंद्रभानजी उभे होते, आळीच्या वतीने बातमी न्यायला. कृष्णकांतरावांचं बोडकं डोकं, गुलाल, फाटका खिसा आणि टेंगूळ पाहून त्यांचं तोंडच उतरलं.

"काऊन हो बाबू? का झालं? बर्डी नाई पसंत पडली काय त्याईले?"

कृष्णकांतरावांनी छाती पुढे काढली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कारण अगदी स्पष्ट सांगितलं.

"हरवलो, चंद्रभानजी! लाउडस्पीकरवर हरवलो! पेढा देऊन बसवलं मला!"

"हात्तीच्या!" चंद्रभानजींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मंग जमलं म्हना नं!"